यंत्रांचे बोलणे आणि यंत्रांचे मौन



वसंतातल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा प्रथम आम्हांला संकोचच वाटला. या व्यासपीठावर इतिहासाचे संशोधक येतात, वाङ्मयाचे रसिक येतात, तत्त्वचिंतक येतात. आमचा व्यवसाय तारा जोडण्याचा. एका यंत्राची तार दुसऱ्या यंत्राला जोडायची, आणि त्या दोघांचे बोलणे एकमेकांना कळते की नाही हे पाहायचे, एवढ्यातच आमचे आयुष्य गेले. अशा माणसाने नागपूरच्या चोखंदळ श्रोत्यांपुढे काय सांगावे? पण चालकांचा आग्रह पडला की, ज्यातले आपल्याला कळते तेच सांगा, आणि शक्य तर सोपे करून सांगा. म्हणून आज ‘यंत्रांचे बोलणे आणि यंत्रांचे मौन’ हा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत.

विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. परंतु आज सकाळी आपल्या नळाला जे पाणी आले आणि या मंडपात आता जे पंखे फिरत आहेत, त्यांच्यामागे यंत्रांची न संपणारी कुजबूज चालू आहे. जलकुंभ पंपाला सांगतो, पंप नियंत्रण कक्षाला सांगतो, वीज केंद्र भार प्रेषण केंद्राला सांगते. ही कुजबूज बिघडली म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी आम्ही एका रात्रीची हकीकत प्रथम सांगतो. त्या रात्री चूक आमची होती, म्हणून ती सांगण्याचा अधिकार आम्हांला आहे. ठिकाणाचे आणि कोणाचे नाव मात्र घेत नाही. त्याची गरजही नाही.

शहराच्या एका कडेला नव्या लेआउटांसाठी एक जलकुंभ होता. त्याला पाणी चढवणारे पंप काही अंतरावर एका पंपघरात होते. कुंभात किती पाणी आहे हे मोजणारे उपकरण वर बसवलेले, आणि त्याचा आकडा बिनतारी दुव्याने पंपघरातल्या पडद्यावर उमटायचा. पातळी दीड मीटरच्या खाली गेली की पंप आपोआप चालू व्हायचा आणि साडेतीन मीटरला बंद व्हायचा. ही सगळी जुळवणी आम्हीच करून दिली होती, आणि तिच्याबद्दल आम्हांला थोडा अभिमानही होता. मे महिना होता. रात्री साडेअकराच्या सुमारास पंपघरातल्या चालकाचा आम्हांला फोन आला. तो म्हणाला, “साहेब, हा आकडा हलून नाही राहिला. नऊ वाजल्यापासून एक पॉइंट नव्वदच आहे.” आम्ही झोपेतच उत्तर दिले, “अहो भाऊ, रात्री पाणी वापरते कोण? म्हणून आकडा स्थिर आहे. काळजी करू नका.” तो जरा थांबला आणि म्हणाला, “पण साहेब, रात्रभर घराघरात कूलर पाणी पिऊन राहिले ना.” आम्ही म्हटले, “सकाळी पाहू.”

सकाळी पाहण्यासारखे काही उरले नव्हते. पहाटेच कुंभ कोरडा पडला होता. बिनतारी दुव्याच्या छोट्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला होता. नऊ वाजताच दोन यंत्रांचे बोलणे तुटले होते. पण पंपघरातल्या यंत्राने शेवटचा ऐकलेला आकडा, एक पॉइंट नव्वद, तसाच धरून ठेवला आणि रात्रभर तोच दाखवला. त्या आकड्याप्रमाणे पंप चालू करण्याचे कारणच नव्हते. नळाला पाणी नाही म्हणून लोक घागरी घेऊन रस्त्यावर आले, आणि चौकशीत पहिला ठपका कोणावर बसला असेल? रात्रपाळीच्या चालकावर. तो झोपला असला पाहिजे, असे ठरले. त्याची एका दिवसाची मजुरी कापली गेली आणि हातात लेखी ताकीद पडली. त्याने आम्हांला फोन केला होता, ही गोष्ट आम्ही वर जाऊन सांगेपर्यंत तीन दिवस गेले. ते तीन दिवस का गेले, याचे उत्तर आम्हांला आजही स्वतःला नीट देता येत नाही.

आता या हकीकतीतले शास्त्र पाहू.

दोन यंत्रे बोलतात म्हणजे काय करतात? पुष्कळांची समजूत अशी असते की, तार जोडली म्हणजे काम झाले. तार जोडणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. तारेवरून जाते ती केवळ विजेची हालचाल. तिचा अर्थ काय घ्यायचा, याचा करार दोन्ही बाजूंनी आधी केलेला असावा लागतो. आमचा धंदा वस्तुतः हा करार लिहिण्याचा आहे.

एक जुना आणि साधा करार घ्या. मापकाकडून येणारे मोजमाप विजेच्या प्रवाहाच्या रूपाने पाठवायचे, तर ते ४ ते २० मिलिअँपिअर या पट्ट्यात पाठवतात. कुंभ रिकामा असेल तर ४, चार मीटर भरलेला असेल तर २०. एक पॉइंट नव्वद मीटर म्हणजे ११.६. विद्यार्थी नेहमी विचारतात, शून्यापासून सुरुवात का केली नाही? रिकाम्या कुंभाला शून्य प्रवाह, हे अधिक सरळ नव्हे काय? याचे उत्तर फार मोलाचे आहे. रिकाम्या कुंभालाही ४ मिलिअँपिअर येतात. प्रवाह शून्य झाला तर समजावे की तार तुटली. म्हणजे ‘पाणी नाही’ आणि ‘बातमी नाही’ या दोन गोष्टी त्या जुन्या तंत्रज्ञांनी वेगळ्या ठेवल्या. आमच्या आजच्या सगळ्या प्रवचनाचे बीज त्या चार मिलिअँपिअरमध्ये आहे.

हीच दृष्टी आपल्याला रेल्वेत दिसते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्या काळापासून गाड्या चालवण्याचे जे शास्त्र वाढत गेले, त्यात एका स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला विचारल्यावाचून गाडी सोडायची नाही, असा दंडक बसला. घंटेचे ठराविक ठोके देऊन विचारायचे, ‘मार्ग मोकळा आहे काय?’ पुढच्याने तसेच ठोके परतवून उत्तर द्यायचे. एकेरी मार्गावर तर यंत्रातून धातूचा गोळा बाहेर पडे, आणि तो हातात आल्यावाचून ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. यातले मर्म असे की, उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ ‘मार्ग मोकळा’ असा कोणी करीत नाही. उत्तर नाही म्हणजे गाडी उभी. जुन्या सिग्नलाची तार तुटली तर त्याचा हात आपल्या वजनाने धोक्याच्या स्थितीत जाई. ज्या यंत्रणेत मौनाचा अर्थ ‘थांबा’ असा ठरला आहे, तिथे मौनाने माणूस मरत नाही.

मग आमच्या नव्या यंत्रांत हे शहाणपण कुठे हरवले? ते समजण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवे नियंत्रक यंत्र तयार केले. तोपर्यंत मोटारींच्या कारखान्यांत शेकडो रिले तारांनी गुंतवून नियंत्रण केले जाई; मोटारीचा नमुना बदलला की भिंतभर तारा उकलून पुन्हा गुंतवायच्या. नव्या यंत्रात तारांची जागा लिहिलेल्या सूचनांनी घेतली. त्याला आपण पी.एल.सी. म्हणतो. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात आज ही पेटी सापडेल. अशा पेट्या अनेक झाल्या, तेव्हा त्यांना आपसांत बोलण्याची भाषा हवी झाली. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये ‘मॉडबस’ नावाची भाषा प्रसिद्ध केली. ती इतकी साधी होती, आणि ती कोणालाही वापरता येत असे म्हणून, इतकी पसरली की आजही ती जगभर बोलली जाते. आमच्या जलकुंभाचा कारभारही तिच्यातच चालला होता.

मॉडबसची रीत एखाद्या कडक वर्गासारखी आहे. वर्गात एकच गुरुजी. ते एकेका विद्यार्थ्याचा क्रमांक पुकारून प्रश्न विचारतात. ज्याचा क्रमांक पुकारला तोच उत्तर देतो. विचारल्यावाचून कोणी बोलायचे नाही. क्रमांक १ पासून २४७ पर्यंत. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ खणांचे एक कपाट असते, आणि प्रत्येक खणात एक आकडा. गुरुजी म्हणतात, ‘पाच क्रमांक, तुझ्या दहाव्या खणात काय आहे?’ तो सांगतो, ‘१९०.’ संपले संभाषण. १९० म्हणजे काय, हे तो सांगत नाही. १९० सेंटिमीटर, १९० अंश, की १९० रुपये? भाषेत त्याची सोय नाही. ते दोघांनी आधी कागदावर ठरवायचे असते.

आणि या ठरवण्यात माणसे कुठे कुठे चुकतात, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली चूक वेगाची. एक जण सेकंदाला ९६०० बिट या वेगाने बोलतो आणि दुसरा १९२०० ने ऐकतो. मग दोघेही दिवसभर एकमेकांना बहिरे समजतात. दुसरी चूक क्रमांकाची. एकाच तारेवर दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला गेला, तर गुरुजींच्या प्रश्नाला दोघेही एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. या दोन चुका त्रासदायक खऱ्या, पण प्रामाणिक आहेत; त्या लगेच कळतात, कारण काम चालतच नाही.

तिसरी चूक मोजणीची आहे. काही कंपन्या पहिल्या खणाला एक म्हणतात, काही शून्य म्हणतात. इमारतीत तळमजल्याला पहिला मजला म्हणणारे लोक असतात आणि तळमजला वेगळा धरणारेही असतात, तसेच हे. मग आपण पातळीचा खण मागतो आणि शेजारच्या खणातला आकडा येतो. तो आकडा चुकीचा असतो, पण असतो. पडदा भरलेला दिसतो आणि मन निश्चिंत होते.

चौथी चूक आम्हांला फार आवडते, कारण ती समजावताना मराठी भाषा मदतीला येते. मॉडबसच्या एका खणात ६५५३५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. त्याहून मोठा आकडा दोन खणांत वाटून ठेवावा लागतो. आता मोठा वाटा आधी ठेवायचा की लहान? आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. इंग्रजीत बोलताना वीस आधी. दोन्ही बरोबरच, पण सांगणारा मराठीत सांगत असेल आणि लिहिणारा ऐकल्या क्रमाने लिहीत असेल, तर पंचवीसचे बावन्न होतात. यंत्रांचे हेच होते. समजा, जलमापकाने एक लाख लिटर ही नोंद पाठवली. पहिल्या खणात १ आणि दुसऱ्या खणात ३४४६४. कारण एकदा ६५५३६ आणि वर ३४४६४ मिळून एक लाख होतात. ऐकणाऱ्याने क्रम उलटा धरला, तर त्याच्या लेखी तो आकडा २,२५,८६,३२,७०५ होतो. एक लाखाचे सव्वादोनशे कोटी! तार शाबूत, वेग बरोबर, क्रमांक बरोबर, खण बरोबर. आणि तरीही एवढा अनर्थ. अशी चूक डोळ्यांत भरते म्हणून सापडते. पण लहान आकड्यांत, दशांश चिन्हाच्या एका घराने झालेली चूक वर्षानुवर्षे पडद्यावर बसून राहते आणि तिच्यावरून अहवाल लिहिले जातात.

आणि पाचवी चूक काळाची. ती सर्वांत घातक, कारण ती आकड्याच्या रूपात दिसतच नाही. गुरुजींनी प्रश्न विचारला आणि उत्तर आलेच नाही, तर काय करायचे? मॉडबस याबद्दल काही सांगत नाही. ते जुळवणी करणाऱ्यावर सोपवलेले असते. दोन यंत्रांच्या मध्ये बसणाऱ्या पुष्कळ उपकरणांत यासाठी एक छोटा पर्याय असतो: उत्तर न आल्यास शेवटचा आकडा धरून ठेवा, किंवा शून्य करा. बहुतेक माणसे त्या ओळीकडे पाहतही नाहीत. आम्हीही पाहिले नव्हते. आमच्या उपकरणात ‘शेवटचा आकडा धरून ठेवा’ हे आधीपासूनच लिहून आलेले होते.

आपण म्हणाल, मग शून्य ठेवायला हवे होते. विचार करून पाहा. शून्य ठेवले असते, तर यंत्राला वाटले असते की कुंभ रिकामा आहे. त्याने पंप चालू केला असता, आणि पातळी वर गेल्याची बातमी कधीच न आल्यामुळे तो बंद केला नसता. तुडुंब भरलेल्या कुंभावरून रात्रभर पाणी वाहून गेले असते. तेही नागपूरच्या मे महिन्यात! धरून ठेवलेला आकडा खोटा आणि शून्यही खोटेच. खरे उत्तर एकच होते: ‘मला माहीत नाही.’ यंत्राला हे वाक्य बोलायला आम्ही शिकवलेच नव्हते.

मोठ्या यंत्रणांत हे वाक्य शिकवलेले असते, याचे उदाहरण आपल्या शहरातच आहे. महाराष्ट्रातल्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राचे विभागीय केंद्र नागपुरात अंबाझरीला आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही मोठी औष्णिक वीज केंद्रे विदर्भात. आणि विजेची मोठी मागणी मुंबई-पुण्याकडे. कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच किती वीज देत आहेत, कोणती वाहिनी चालू आहे, कोणती बंद पडली, या बातम्या क्षणोक्षणी हलत राहाव्या लागतात. कारण वीज साठवून ठेवणे फार कठीण, आणि मागणी व पुरवठा यांचा तोल ढळला की सेकंदाला पन्नासची वारंवारता लगेच डळमळते. अशा नियंत्रण केंद्रांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने ६०८७०-५ या क्रमांकाखाली भाषेचे नियम ठरवले. त्यात आकडा एकटा प्रवास करीत नाही. त्याच्याबरोबर छोट्या खुणा जातात: हा आकडा ग्राह्य नाही, हा आकडा ताजा नाही, हा मापकाने दिलेला नसून माणसाने हाताने भरलेला आहे. शिवाय, हवी असल्यास, तो कोणत्या क्षणीचा आहे ही वेळही जाते. पत्रावर जसा टपालाचा शिक्का, तशी ही वेळ. शिक्क्यावाचूनचे पत्र कालचे की गेल्या वर्षीचे, कसे कळावे?

बोलण्याचा क्रमही किती महत्त्वाचा असतो, याचे एक उदाहरण चंद्रपूरचे आहे. चंद्रपूरपासून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी आहे. तिची क्षमता १५०० मेगावॉट. अशा वाहिनीच्या दोन्ही टोकांना किती प्रवाह न्यायचा याचा हुकूम दिलेला असतो, आणि पाठवणाऱ्या टोकाचा हुकूम घेणाऱ्या टोकाच्या हुकुमापेक्षा थोडा जास्तच ठेवावा लागतो. तो फरक उलटला तर वाहिनीचा व्यवहार कोसळतो. म्हणून प्रवाह वाढवायचा झाल्यास आधी पाठवणाऱ्याला सांगायचे. कमी करायचा झाल्यास आधी घेणाऱ्याला. देवाणघेवाणीच्या व्यवहारात वाढवण्याची सुरुवात देणाऱ्याकडून आणि घटवण्याची घेणाऱ्याकडून, ही रीत यंत्रांतही सांभाळावी लागते. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन टोकांत हा क्रम पाळायचा, तर त्यांचे बोलणे केवळ बरोबर असून भागत नाही. ते वेळेवरही असावे लागते.

परंतु मोठ्या यंत्रणाही फसतात, आणि त्याच जागी फसतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात बुडाला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. पुढे दोन्ही देशांच्या समितीने चौकशी केली. ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास धोक्याच्या सूचना देणारी संगणक यंत्रणा बंद पडली होती. ती बंद पडल्याची सूचना मात्र कोणी दिली नाही. कारण सूचना देणारीच बंद पडली होती. नवी सूचना येत नाही, त्याअर्थी सगळे ठीक आहे, असे तिथल्या माणसांना वाटत राहिले. बाहेर वाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. शेजारच्या यंत्रणांतून दूरध्वनी येत होते की, तुमच्याकडे काहीतरी बिघडले आहे. पण बराच वेळ त्यांच्यावर विश्वास बसला नाही, कारण पडदा शांत होता. चार वाजून गेल्यावर सगळे कोसळले.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचा तो रात्रीचा फोन आठवला. सात समुद्रांपलीकडचे ते तज्ज्ञ आणि इकडे आम्ही, यांच्यात फरक फक्त प्रमाणाचा. दोघांनाही कोणीतरी फोन करून सांगितले होते. आणि दोघांनीही जिवंत माणसाच्या बोलण्यापेक्षा मेलेल्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवला.

मौनाचा हा दुबळेपणा दुष्टबुद्धीच्या माणसांनाही ठाऊक आहे, एवढे ओझरते सांगून ठेवतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या विषाणूने इराणमधल्या नतांझ येथील यंत्रांचा वेग बिघडवला. आणि त्याच वेळी नियंत्रण कक्षात आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचे आकडे पुन्हा पुन्हा दाखवले. माणसे पडदा पाहत होती आणि पडदा कालची गोष्ट सांगत होता. मॉडबससारख्या जुन्या भाषा तर ‘तू कोण?’ असेही विचारीत नाहीत. जो प्रश्न करील त्याला उत्तर, जो हुकूम देईल त्याचा हुकूम मान्य. चार भिंतींच्या आत ही भाषा शोभते. तिला उघड्या बाजारात आणून सोडणे म्हणजे तिजोरीची किल्ली दाराला लावून गावाला जाणे होय.

आता पुन्हा आमच्या पंपघरात येऊ. पुढे आम्ही तिथे काय केले, ते थोडक्यात सांगतो. कारण उपाय अगदी साधे होते, आणि म्हणूनच ते आधी न सुचल्याची लाज अधिक.

एक केले. कुंभावरच्या यंत्राला नाडी दिली. पातळीच्या आकड्याशेजारी एक खण असा ठेवला की, त्यातला आकडा दर सेकंदाला एकाने वाढतो. ९९ झाला की पुन्हा शून्य. त्याला दुसरा काही अर्थ नाही. तो बदलतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. दहा सेकंदांत तो बदलला नाही, तर पडद्यावरची पातळी पुसली जाते, तिच्या जागी ‘संपर्क नाही’ ही अक्षरे येतात आणि भोंगा वाजतो. वैद्य जसा रोग्याच्या बोलण्याआधी नाडी पाहतो, तसे पंपघरातले यंत्र आता आकड्याच्या आधी नाडी पाहते.

दुसरे केले. संपर्क तुटला तर यंत्राने स्वतः निर्णय घ्यायचा नाही. पंप माणसाच्या हाती द्यायचा. कोणत्या वेळेला किती मिनिटे पंप चालवला म्हणजे कुंभ कोरडाही पडत नाही आणि वाहतही नाही, याचे कोष्टक चालकांच्या अनुभवावरून तयार केले. उन्हाळ्याचे कोष्टक वेगळे ठेवले. त्यात कूलरचे पाणी धरले, हे सांगायला नकोच.

तिसरे केले, आणि आमच्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. यंत्रांचा सगळा करार एका कागदावर मराठीत लिहिला. कोणत्या खणात काय आहे, त्याचे परिमाण कोणते, दशांश चिन्ह कुठे, मोठा वाटा आधी की नंतर, उत्तर न आल्यास काय होते, आणि कोणी केव्हा काय बदलले. तो कागद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. तोवर हे सगळे आमच्या डोक्यात आणि आमच्या संगणकात होते. ज्या माणसाने रात्रभर त्या पडद्यापुढे बसायचे, त्याला तो पडदा काय बोलतो हे वाचण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती. आणि बिघाड झाला तेव्हा जबाबदारी मात्र त्याची ठरली होती. ज्ञान एका हातात आणि जबाबदारी दुसऱ्या हातात, अशी वाटणी जिथे होते तिथे अन्याय ठरलेलाच.

चालकाची ताकीद पुढे मागे घेतली गेली आणि कापलेली मजुरीही मिळाली. आम्ही त्याच्याकडे जाऊन चूक कबूल केली. तो फारसे काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, “साहेब, पाणी कधी एका जागी उभं राहते का? थोडं तरी हलतेच.” आम्ही ज्या विद्येवर पोट भरतो, तिचे सार त्या एका वाक्यात होते. खरा आकडा जिवंत असतो. तो थोडा थरथरतो. अगदी निश्चल आकडा दिसला, तर आधी संशय घ्यावा.

या सभेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, हे आम्हांला दिसते आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, जुळवणी करताना यंत्रे बोलू लागली म्हणजे काम संपले असे समजू नका. तार मुद्दाम काढून पाहा. वीज बंद करून पाहा. आणि मग पडदा काय म्हणतो ते पाहा. बोलण्याची परीक्षा सगळेच घेतात. मौनाची परीक्षा घेणारा तंत्रज्ञ खरा.

जे तंत्रज्ञ नाहीत, त्यांच्याही उपयोगाचे यात काही आहे असे आम्हांला वाटते. आज आपल्या सर्वांपुढे आकड्यांचे पडदे आले आहेत: घरात, कचेरीत, दवाखान्यात, हातातल्या फोनवर. कोणताही आकडा पुढे आला तर दोन प्रश्न विचारायची सवय ठेवावी. हा कुठून आला? आणि हा केव्हाचा आहे? ज्या आकड्याला या दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्यावरून कोणाची मजुरी कापू नये.

आणि आपल्यापैकी जे अधिकाराच्या जागेवर आहेत त्यांना एक विनंती. एखाद्या रात्री आपल्या हाताखालचा कोणी माणूस फोन करून सांगेल की, साहेब, हा आकडा हलून नाही राहिला. त्या वेळी त्याला समजावू नका. उठा, चपला घाला आणि जाऊन पाहा.

आपण हा रुक्ष विषय इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलात. पण आजच्या संध्याकाळपुरते तरी आपल्या या शांततेचा अर्थ ‘सगळे कळले’ असा आम्ही घेणार नाही. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी अवश्य विचारावे.